नरक्याच्या झाडातले औषध आणि त्याला जागे करणारी विकरे

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दाट, सदाहरित जंगलांत नरक्या नावाचे एक मध्यम उंचीचे झाड वाढते. आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या परिसरातील लोकांच्या ते ओळखीचे आहे. त्याच्या उग्र दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडले असे मानतात, आणि त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील ‘फेटिडा’ या शब्दाचा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच आहे. या झाडाच्या लाकडात आणि मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचे एक द्रव्य असते. मोठ्या आतड्याच्या, स्वादुपिंडाच्या, फुप्फुसाच्या, बीजांडकोशाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर आज दिली जाणारी अनेक औषधे या एकाच द्रव्याच्या कुळातील आहेत. त्यापायी नरक्याची चोरटी तोड एवढी झाली, की पश्चिम घाटातील संकटग्रस्त झाडांत आता त्याची गणना होते.

कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या पेशी मारते, हे 1966 पासून ठाऊक आहे. मात्र ते शरीरात नेमके कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात जागे व्हावे, हे माणसाच्या हाती येण्यास पुढची कित्येक दशके लागली, आणि अजूनही ते पूर्णपणे हाती आलेले नाही. या खटाटोपात माणसाला ज्यांची सर्वाधिक मदत झाली आणि ज्यांनी त्याला सर्वाधिक त्रासही दिला, ती एन्झाइमे, म्हणजे शालेय पुस्तकांतील विकरे, हा या लेखाचा विषय आहे.

विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिठातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागलेले असते. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, तेव्हा पपईतील विकर मांसातील प्रथिनांचे तुकडे करत असते. विकरांचे तीन गुण येथे लक्षात ठेवले पाहिजेत. प्रत्येक विकर ठरावीक प्रकारचाच रासायनिक बंध तोडते किंवा जोडते. ते या कामात खर्ची पडत नाही, त्यामुळे विकराचा एकच रेणू हजारो रेणूंवर लागोपाठ काम करू शकतो. आणि शरीराच्या वेगवेगळ्या अवयवांत वेगवेगळी विकरे कमी-अधिक प्रमाणात असतात. औषधाच्या दृष्टीने हा तिसरा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण एखाद्या औषधाला निष्क्रिय रूपात शरीरात सोडले आणि ते केवळ ठरावीक विकराच्या स्पर्शानेच सक्रिय होईल अशी त्याची घडण केली, तर ते विकर जिथे आहे तिथेच औषधाचा मारा होईल. अशा निष्क्रिय रूपातील औषधाला पूर्वौषध म्हणता येईल. कल्पना म्हणून हे सोपे आहे, परंतु प्रत्यक्षात काय काय घडते हे समजून घेण्यासाठी कॅम्प्टोथेसिनची कहाणीच पाहणे बरे.

हे द्रव्य प्रथम वेगळे केले ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनी ते चीनमधील एका झाडातून काढले आणि 1966 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. 1971 मध्ये याच जोडीने टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही जगापुढे मांडली. एका माणसाच्या हातून अशी दोन औषधकुळे सुरू व्हावीत, ही रसायनशास्त्राच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे, आणि नंदुरबारच्या या सुपुत्राचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक असायला हवे होते असे मला मनापासून वाटते. आपल्या नरक्यात हेच द्रव्य सापडल्याचे 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवले, तेही मुंबईतील गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातून.

कॅम्प्टोथेसिन पेशीला मारते कसे, हे मात्र 1985 मध्ये उलगडले, आणि गंमत अशी की त्याचे लक्ष्यही एक विकरच निघाले. पेशीतील डीएनए म्हणजे एकमेकांभोवती पिळलेल्या दोन पदरांची अतिशय लांब दोरी. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी या दोरीची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी दोन पदर उलगडावे लागतात. घट्ट पिळाच्या दोरीचे पदर मधूनच ओढून वेगळे करू लागल्यास पुढच्या भागातील पीळ आणखी आवळत जातो, हे दोरी वळणाऱ्या कोणालाही माहीत असते. पेशीत हा ताण सोडवण्याचे काम टोपोआयसोमरेज-1 नावाचे विकर करते. ते दोनपैकी एक पदर क्षणभर कापते, पीळ सैल होऊ देते आणि कापलेली टोके पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके या कापण्याच्या आणि सांधण्याच्या मधल्या क्षणी येऊन फटीत बसते, त्यामुळे विकर डीएनएला चिकटून अडकते आणि सांधणे होत नाही. मागून डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा येऊन या अडथळ्यावर आदळते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. ज्या पेशी सतत विभाजित होत असतात त्यांच्यावर याचा घाला अधिक पडतो. कर्करोगाच्या पेशी अशाच असतात, परंतु अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळांतील निरोगी पेशीही अशाच असतात. रसायनोपचारांचे बहुतेक दुष्परिणाम या एका वस्तुस्थितीतून जन्मतात.

हे समजण्याच्या आधीच, 1970 च्या सुमारास, हे औषध रुग्णांना देऊन पाहण्यात आले होते. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचे सोडियमयुक्त रूप तयार करण्यात आले. त्यासाठी रेणूमधील एक महत्त्वाचे वलय उघडावे लागले, आणि हे वलय मिटलेले असल्याखेरीज औषध काम करत नाही हे तेव्हा कळलेले नव्हते. परिणामी गाठींवर असर फारसा दिसला नाही. उलट अनेक रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. मूत्र बहुधा आम्लधर्मी असते आणि आम्लधर्मी द्रवात ते उघडलेले वलय पुन्हा मिटते, म्हणजेच औषध गाठीत झोपलेले आणि मूत्राशयात जागे, अशी उलटी अवस्था झाली होती. 1972 च्या सुमारास चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध किती जहाल आहे यापेक्षा ते कोठे जागे होते हे अधिक महत्त्वाचे असते, हे या चाचण्यांत सहभागी झालेल्या रुग्णांच्या वेदनांतून वैद्यकाला कळले. त्या रुग्णांची आठवण ठेवल्याशिवाय पुढची कहाणी सांगू नये.

यातून वाट काढली जपानमधील याकुल्ट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी. 1980 च्या दशकात त्यांनी कॅम्प्टोथेसिनच्या एका अधिक जहाल रूपाला पाण्यात विरघळणारी एक रासायनिक शेपटी जोडली. या संयुगाचे नाव इरिनोटेकॅन. शेपटीमुळे ते सलाइनमधून शिरेत देता येऊ लागले, परंतु त्याच शेपटीमुळे ते जवळजवळ निष्क्रियही झाले. शेपटी तोडून टाकल्यावर उरतो तो एसएन-38 नावाचा रेणू, आणि तो इरिनोटेकॅनपेक्षा 100 ते 1000 पट जहाल असतो. ही शेपटी तोडण्याचे काम शरीरातील कार्बोक्सिलएस्टरेज ही विकरे करतात. थोडक्यात, इरिनोटेकॅन हे पूर्वौषध आहे. जपानमध्ये त्याला 1994 मध्ये आणि अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर ते आज जगभर, भारतातही, नित्याच्या उपचारांचा भाग आहे, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील चार औषधांच्या एका प्रभावी मिश्रणातही त्याचा समावेश असतो.

शेपटी तोडणारी ही विकरे निसर्गाने कर्करोगासाठी निर्माण केलेली नाहीत. अन्नातून आणि औषधांतून येणारी परकी रसायने मोडून टाकणे, हे त्यांचे मूळ काम. त्यामुळे ती मुख्यतः यकृतात आणि आतड्यात असतात. गाठीत ती असतीलच असे नाही. शिवाय माणसाची ही विकरे इरिनोटेकॅनच्या बाबतीत फार मंद आहेत. दिलेल्या औषधापैकी साधारण 2 ते 5 टक्के भागाचेच एसएन-38 मध्ये रूपांतर होते. बाकीचे औषध तसेच बाहेर पडते किंवा यकृतातील दुसऱ्या विकरांकडून निरुपयोगी तुकड्यांत मोडले जाते. म्हणजे जे औषध रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब सोडले जाते, त्यातील फार थोडा भाग प्रत्यक्ष लढतो.

उंदरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. उंदराच्या रक्तातच कार्बोक्सिलएस्टरेज भरपूर असते, त्यामुळे त्याच्या शरीरात या औषधाचे रूपांतर झपाट्याने होते आणि माणसाच्या गाठी उंदरात रोवून केलेल्या प्रयोगांत इरिनोटेकॅन फार प्रभावी ठरत असे. माणसात तेवढे यश मिळाले नाही, याचे एक मोठे कारण विकरातील हा फरक आहे. वर्तमानपत्रांत ‘उंदरांमधील गाठी नाहीशा झाल्या’ अशी बातमी वाचताना हे उदाहरण आठवावे. बातमी खोटी नसते, परंतु उंदराचे यकृत आणि उंदराचे रक्त माणसाचे नसते.

एसएन-38 तयार झाल्यावर त्याचा निचरा कसा होतो, हा या कहाणीचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. यकृतातील यूजीटी1ए1 नावाचे विकर एसएन-38 ला शर्करेच्या कुळातील एक रेणू चिकटवते आणि त्याला निष्क्रिय करून पित्ताबरोबर आतड्यात पाठवते. हेच विकर काविळीशी संबंध असलेल्या बिलिरुबिनलाही अशाच रीतीने निपटते. इथवर सारे ठीक असते. परंतु आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि त्यांतील अनेकांकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचे विकर असते. हा शर्करेचा रेणू जिवाणूंचे अन्न आहे, म्हणून ते तो तोडून खातात आणि मागे उरलेले एसएन-38 पुन्हा जागे होऊन आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. इरिनोटेकॅन घेतल्यानंतर काही दिवसांनी होणारे तीव्र जुलाब मुख्यतः यातून उद्भवतात. एकच रेणू तीन विकरांच्या हातून जातो; पहिले त्याला जागे करते, दुसरे झोपवते आणि तिसरे, जे आपले नाहीच, ते भलत्याच जागी पुन्हा जागे करते.

येथे रुग्णांच्या नातेवाइकांसाठी थोडे थांबणे आवश्यक वाटते. इरिनोटेकॅनमुळे दोन वेगवेगळ्या प्रकारचे जुलाब होतात. औषध देत असताना किंवा त्यानंतर काही तासांत घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ आणि जुलाब सुरू झाले, तर त्याचे कारण वेगळे असते. औषध चेतासंस्थेशी संबंधित एका विकराला रोखते म्हणून हे होते आणि त्यावर अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन देतात. एक-दोन दिवसांनंतर सुरू होणारे जुलाब हे वर सांगितलेल्या तिहेरी चक्रातून येतात. ते अंगावर काढू नयेत. डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या गोळ्या लगेच सुरू कराव्यात, पाणी आणि क्षार पोटात जात राहावेत, आणि जुलाबांसोबत ताप असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, कारण त्याच काळात पांढऱ्या पेशीही घटलेल्या असू शकतात. ‘रसायनोपचार म्हटले की पोट बिघडायचेच’ असे म्हणून एक दिवस थांबणे जिवावर बेतू शकते.

सर्वांचे यूजीटी1ए1 सारखे नसते. या विकराच्या जनुकाआधी डीएनएची दोन अक्षरे सामान्यतः सहा वेळा लागोपाठ येतात. काही लोकांत ती सात वेळा येतात. एका जोडीचा हा फरक आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असेल, तर विकराची निर्मिती बरीच घटते. एरवी अशा माणसाचे फारसे काही बिघडत नाही. उपासाच्या किंवा आजारपणाच्या दिवसांत डोळे किंचित पिवळसर दिसतात, तपासणीत बिलिरुबिन थोडे जास्त येते आणि डॉक्टर ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगतात. परंतु याच माणसाला इरिनोटेकॅनची नेहमीची मात्रा दिली, तर एसएन-38 शरीरात साचत जाते आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. अमेरिकेत 2005 मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा घालण्यात आला आणि अशा रुग्णांना सुरुवातीची मात्रा कमी द्यावी असे सुचवण्यात आले. पूर्व आशियात या जनुकाचा आणखी एक बदल अधिक आढळतो. भारतीयांतही सात-वेळा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. या जनुकाची तपासणी एकदाच करावी लागते आणि तिचे उत्तर आयुष्यभर बदलत नाही. म्हणून इरिनोटेकॅन सुरू करण्यापूर्वी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि घरात कोणाला अशी सौम्य कावीळ वारंवार दिसत असेल तर ती गोष्ट आवर्जून सांगावी.

विकरे बाहेरच्या पदार्थांमुळेही चाळवतात. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील औषध मोडणाऱ्या विकरांना चेतवते. इरिनोटेकॅनसोबत ती घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील एसएन-38 चे प्रमाण 42 टक्क्यांनी घटल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दिसले होते. म्हणजे रुग्ण दुष्परिणाम सोसत औषध घेत होता आणि वनस्पती ते निष्प्रभ करत होती. उपचारांच्या काळात घेतला जाणारा कोणताही काढा किंवा चूर्ण डॉक्टरांपासून लपवू नये, तो कितीही निरुपद्रवी वाटला तरी.

आतड्यातील तिसऱ्या विकरावर इलाज काय? प्रतिजैविके देऊन जिवाणूच मारून टाकावेत हा पहिला विचार, परंतु आधीच दुबळ्या झालेल्या रुग्णाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारणे शहाणपणाचे नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील मॅथ्यू रेडिन्बो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये वेगळा मार्ग दाखवला. जिवाणूंच्या बीटा-ग्लुकुरोनिडेजमध्ये एक छोटीशी लूप, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा वळसा, असते, जी माणसाच्या त्याच प्रकारच्या विकरात नसते. या लूपला धरून बसणारी, म्हणजे केवळ जिवाणूंचे विकर रोखणारी संयुगे त्यांनी शोधली. जिवाणू जिवंत राहिले, त्यांचे तेवढे एक काम थांबले, आणि इरिनोटेकॅन दिलेल्या उंदरांचे आतडे बचावले. ज्या परिसरात वॉल आणि वाणी यांनी मूळ द्रव्य वेगळे केले, तिथून हे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. उंदरांविषयी वर दिलेला इशारा येथेही लागू होतोच, तरीही औषधाची मात्रा न घटवता त्याचा त्रास घटवण्याची ही दिशा मला फार आश्वासक वाटते, कारण अनेक रुग्णांचे उपचार गाठ दाद देत नाही म्हणून थांबत नाहीत, तर शरीर सोसत नाही म्हणून थांबतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाचे विकर मंद आहे आणि ते गाठीत असेलच असे नाही. मग गाठीतच एखादे वेगवान विकर नेऊन ठेवले तर? अमेरिकेत मेंफिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयात फिलिप पॉटर, मेरी डँक्स आणि त्यांचे सहकारी या प्रश्नामागे लागले. त्यांना आढळले की सशाच्या यकृतातील कार्बोक्सिलएस्टरेज इरिनोटेकॅनची शेपटी तोडण्यात माणसाच्या यकृतातील विकरापेक्षा शेकडो पटींनी कार्यक्षम आहे. ही दोन विकरे रचनेने बहुतांशी सारखीच आहेत. फरक आहे तो विकराच्या कामाच्या खोबणीकडे जाणाऱ्या वाटेत. सशाच्या विकरात ती वाट लवचिक असल्याने इरिनोटेकॅनचा अवजड रेणू आत शिरू शकतो, माणसाच्या विकरात तो दारातच अडतो. सशाच्या विकराचे जनुक कर्करोगाच्या पेशींत घातल्यावर त्या पेशी इरिनोटेकॅनच्या अगदी कमी मात्रेनेही मरू लागल्या.

परंतु जनुक रुग्णाच्या गाठीपर्यंत पोहोचवायचे कसे? कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत कॅरन अबूडी यांनी मज्जासंस्थेच्या मूळपेशींचा उपयोग करून पाहिला. या पेशींना एक विलक्षण ओढ असते. मेंदूत सोडल्यास त्या गाठीच्या दिशेने सरकत जातात आणि मुख्य गाठीपासून दूर पसरलेल्या कर्करोगपेशींच्या छोट्या पुंजक्यांपर्यंतही पोहोचतात. अशा पेशींना कार्बोक्सिलएस्टरेज तयार करायला लावून मेंदूत सोडायचे आणि नंतर शिरेतून इरिनोटेकॅन द्यायचे, ही ती योजना. औषध सर्वत्र फिरते, पण जिथे या पेशी जाऊन बसल्या आहेत तिथेच ते भरपूर प्रमाणात जागे होते. मेंदूच्या पुन्हा उद्भवलेल्या आक्रमक गाठी असलेल्या रुग्णांवर या पद्धतीची पहिल्या टप्प्याची चाचणीही घेण्यात आली. पहिल्या टप्प्यात सुरक्षितता तपासतात, गुण नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

विकर गाठीत पाठवण्याची कल्पना त्याही आधी लंडनमध्ये वेगळ्या रूपात मांडली गेली होती. चेरिंग क्रॉस रुग्णालयातील केनेथ बॅगशॉ यांनी 1987 मध्ये असे सुचवले, की कर्करोगपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) विकर बांधून ते शरीरात सोडावे, गाठीबाहेर उरलेले विकर रक्तातून निघून जाईपर्यंत थांबावे आणि मग पूर्वौषध द्यावे. त्यासाठी त्यांनी जिवाणूंतील कार्बोक्सिपेप्टिडेज-जी2 हे विकर निवडले, कारण तसे काम करणारे विकर माणसाच्या शरीरात नाही आणि त्यामुळे पूर्वौषध चुकून इतरत्र जागे होण्याची भीती नाही. या पद्धतीचे एक मोठे बलस्थान असे, की गाठीतील प्रत्येक पेशीपर्यंत विकर पोहोचण्याची गरज नसते. एका जागी बसलेले विकर औषधाचे हजारो रेणू तयार करते आणि ते रेणू आजूबाजूच्या पेशींतही झिरपतात. पण जे विकर आपल्या शरीरात नाही, ते आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेला परके वाटणारच. रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि उपचारांची आवर्तने पुन्हा पुन्हा देणे कठीण झाले. विकर परके असावे म्हणजे औषध भलतीकडे जागे होणार नाही, आणि विकर आपले असावे म्हणजे शरीर त्याला हुसकणार नाही; या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात आणि या क्षेत्रातील बहुतेक अडचणींचे मूळ तिथे आहे.

बॅगशॉ यांच्या त्या विकराला पुढे दुसरे काम मिळाले. ते मेथोट्रेक्सेट या जुन्या कर्करोगविरोधी औषधाचे दोन तुकडे करते. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत दिल्यावर एखाद्या रुग्णाची मूत्रपिंडे अचानक मंदावली, तर औषध रक्तात अडकून राहते आणि प्राणावर बेतते. अशा वेळी हे विकर शिरेतून दिले की रक्तातील मेथोट्रेक्सेट काही मिनिटांत मोडले जाते. ग्लुकार्पिडेज या नावाने अमेरिकेत त्याला 2012 मध्ये मान्यता मिळाली. औषध जागे करण्यासाठी निवडलेले विकर औषध थांबवण्यासाठी कामी आले.

जनुके आणि विषाणूंच्या वाटेने गाठीत विकर पोहोचवण्याच्या इतर प्रयत्नांनाही मोठ्या चाचण्यांत अपयश आले. मेंदूच्या कर्करोगावरील अशी एक बहुचर्चित पद्धत 2019 मध्ये तिसऱ्या टप्प्यात निष्फळ ठरली. विकर बाहेरून नेण्याचा नाद सोडून गाठीच्या पेशीतच जे विकर आधीपासून आहे त्याला कामाला लावावे, हा विचार मात्र भलताच फळला, आणि योगायोग असा की तोही कॅम्प्टोथेसिनच्याच कुळात.

टोकियोतील दाइइची सांक्यो कंपनीने घडवलेले ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड आणि त्याला बांधलेले कॅम्प्टोथेसिन कुळातील जहाल द्रव्याचे आठ रेणू. हा प्रतिपिंड स्तनाच्या काही कर्करोगपेशींवर आढळणाऱ्या ‘हर-2’ या प्रथिनाला चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. प्रतिपिंड आणि द्रव्य यांना जोडणारा दुवा चार अमिनो आम्लांचा आहे. तो रक्तात टिकतो, परंतु पेशीच्या आत, जुने-पुराणे मोडीत काढणाऱ्या लायसोसोम या पिशवीत पोहोचला की तिथली कॅथेप्सिन नावाची विकरे तो कापतात आणि द्रव्य मोकळे होते. कॅथेप्सिन कर्करोगपेशींत भरपूर असतात. मोकळे झालेले द्रव्य पेशीच्या आवरणातून आरपार जाऊ शकते, त्यामुळे शेजारची, ‘हर-2’ जेमतेम असलेली पेशीही मरते. बॅगशॉ यांना हवा असलेला शेजारच्या पेशींवरील परिणाम येथे, परके विकर न वापरता, मिळाला.

जून 2022 मध्ये शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत या औषधाचे निष्कर्ष मांडले गेले तेव्हा सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. ‘हर-2’ कमी प्रमाणात असलेल्या आणि शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 557 रुग्णांवर ती चाचणी झाली होती. नेहमीचे रसायनोपचार घेणाऱ्यांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला काळ, 5.1 महिने होता, नव्या औषधाने तो 9.9 महिने झाला; जगण्याचा मध्यक काळ 16.8 वरून 23.4 महिन्यांवर गेला. हे बरे होणे नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण ज्यांना पूर्वी ‘आता लक्ष्यवेधी औषध नाही’ असे सांगितले जाई, त्यांना सहा-सात महिने अधिक मिळाले. या औषधाने फुप्फुसांना सूज येऊ शकते आणि काही रुग्ण त्याने दगावलेही आहेत, म्हणून नवा खोकला किंवा धाप लागणे याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि त्याची किंमत आज आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. ज्या मूळ द्रव्यासाठी सह्याद्रीतील झाडे तोडली गेली, त्या कुळातील हे सर्वोत्तम औषध सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातील स्त्रीला मिळू नये, ही बाब मला बोचते.

याच धर्तीच्या दुसऱ्या एका औषधात, सॅसिटुझुमॅब गोविटेकॅनमध्ये, प्रतिपिंडाला थेट एसएन-38 च बांधलेले आहे. त्याचा दुवा विकराने नव्हे तर आम्लतेने सुटतो, म्हणजे जागे करणाऱ्या विकराची गरजच उरली नाही. तरीही यूजीटी1ए1 ची उणीव असलेल्या रुग्णांत या औषधानेही पांढऱ्या पेशी अधिक घटतात, कारण एसएन-38 कोणत्याही दाराने आले तरी त्याला निपटणारे यकृतातील विकर तेच आहे.

राहिला प्रश्न नरक्याचा. झाड न तोडता कॅम्प्टोथेसिन मिळवता येईल काय, याचा शोध घेताना जम्मू येथील संशोधकांना, जर्मन सहकाऱ्यासह, 2005 मध्ये नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी सापडली, जी स्वतःच हे द्रव्य तयार करते. बुरशी तर पिंपात वाढवता येते, त्यामुळे आशा उंचावल्या. पण अशा बुरशींची प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढ केली की द्रव्याचे प्रमाण घटत जाते. चीनमधील त्या मूळ झाडात राहणाऱ्या बुरशीचा बारकाईने अभ्यास केल्यावर 2011 मध्ये एक कारण पुढे आले. द्रव्य तयार करण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचे विकर बुरशीकडे नाहीच. ते ती आपल्या यजमान झाडाकडून घेते. ते विकर बुरशीला कायमचे देता येईपर्यंत या औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात झाडांतूनच काढावा लागेल.